जॉनी लिव्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉनी लिव्हर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो नव्वदच्या दशकातला हिंदी सिनेमा. नायकाचा दोस्त, विसरभोळा नोकर, विचित्र टोपी घातलेला भाई. पण हा माणूस मुळात स्टेजवरचा. कॅमेऱ्यासमोर उभा राहण्याआधी त्याने रस्ता, कारखाना, गणपतीचा मांडव आणि परदेशातली सभागृहं हसवून सोडली होती, आणि सिनेमा ऐन भरात असतानाही त्याने स्टेज सोडलं नाही. सिनेमांची जंत्री कुठेही मिळते. इथे भर आहे तो स्टेजवर एकटा उभा राहणाऱ्या जॉनीवर. (एकेरी उल्लेख मुद्दाम केला आहे. आवडत्या नटाला आपल्याकडे कोण अहो-जाहो करतं?)

जॉनी लिव्हर हे खरं नाव आहे का?

नाही. खरं नाव जॉन प्रकाश राव जनुमला. जन्म १४ ऑगस्ट १९५७चा, आंध्र प्रदेशातल्या तेलुगू ख्रिस्ती कुटुंबातला. वडील मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात ऑपरेटर होते. पुढे जॉनही त्याच कारखान्यात मजूर म्हणून चिकटला आणि पाच-सहा वर्षं तिथे राबला. शंभर-शंभर किलोची पिंपं हलवायचं काम होतं.

कंपनीच्या एका कार्यक्रमात त्याने बड्या साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं : हा आपला जॉनी लिव्हर. कंपनीचं नाव २००७ साली बदलून हिंदुस्तान युनिलिव्हर झालं, जॉनी मात्र लिव्हरच राहिला.

हा किस्सा सगळे नावापुरता सांगतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कारखान्याच्या स्नेहसंमेलनात साहेबाची नक्कल करणं म्हणजे सुळावरची पोळी. पुढच्या रांगेत साहेब बसलेला, मागे सगळी शिफ्ट. नक्कल मवाळ झाली तर मागचे लोक शिट्ट्या मारून खाली बसवणार, जहाल झाली तर दुसऱ्या दिवशी मेमो. मागच्या रांगेला वाटलं पाहिजे की आपल्या वतीने कुणीतरी हिशेब चुकता केला, आणि साहेबालाही स्वतःला ओळखून हसू आलं पाहिजे. जॉनीने पुढे बड्या नटांच्या नकला त्याच नटांना समोर बसवून केल्या आणि तेही खळखळून हसले. ती तालीम या कारखान्यात झाली होती.

बालपण धारावीत गेलं म्हणतात, ते खरं का?

हो. किंग्ज सर्कल, माटुंगा, धारावी हाच त्याचा परिसर. भावंडांत तो थोरला. आंध्र एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकला आणि घरच्या ओढाताणीमुळे शाळा सुटली.

त्या भागाची एक गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय जॉनी कळत नाही. तिथे एका गल्लीत तमिळ, दुसरीत तेलुगू, पलीकडे कुंभारवाड्यात गुजराती, मध्ये मराठी, उत्तरेकडून आलेले चामड्याचे कारागीर, आणि या सगळ्यांना जोडणारी बंबैया हिंदी. सार्वजनिक नळावर अर्धा तास उभं राहिलं तर चार भाषांतली भांडणं फुकटात ऐकायला मिळायची. कोण रागावल्यावर आवाज चढवतो, कोण उलट हळू बोलायला लागतो, कोण हातवारे करतो, हे त्याने पुस्तकातून घेतलेलं नाही. म्हणूनच त्याची पात्रं बोलायच्या आधी ओळखू येतात. खांदा कसा पडलाय, मान कुठे वळलीय, यावरून माणूस कुठला ते समजतं.

तो रस्त्यावर पेनं विकायचा, ही दंतकथा तर नाही?

नाही, हे त्याने स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. शाळा सुटल्यावर तो मुंबईच्या रस्त्यांवर पेनं विकायचा आणि विकताना हिंदी नटांचे आवाज काढायचा, त्यांच्यासारखा नाचून दाखवायचा. गर्दी जमायची आणि पेनं खपायची.

स्टँड-अपवाल्यांनी यावर जरा थांबून विचार करावा. तिकीट काढून आलेला प्रेक्षक तुम्हाला चार-पाच मिनिटं देतो, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात. लोकल पकडायला धावणारा माणूस तुम्हाला पाच सेकंद देतो. तेवढ्यात ओळखीचा आवाज कानावर पडला नाही तर तो गेला. जॉनीच्या स्टेजवरच्या कामात प्रस्तावना जवळजवळ नसते. तो येतो आणि थेट पात्रातच शिरतो, ती सवय इथली असावी.

हैदराबादचा संबंध काय?

काही काळ तो हैदराबादच्या याकुतपुऱ्यात राहिला आणि तिथल्या दख्खनी बोलीची ढब त्याने उचलली. मराठवाड्यातल्या वाचकांना दख्खनी वेगळी समजावून सांगायला नको. ती हिंदी-उर्दूच्या अंगाने चालते आणि मध्येच ‘नक्को’ म्हणून मराठीत पाऊल टाकते. या बोलीतल्या विनोदाला घाई नसते. माणूस अत्यंत गंभीर चेहऱ्याने, सावकाश, काहीतरी अचाट बोलून जातो आणि स्वतः हसत नाही. जॉनीच्या वेगवान मुंबईकर विनोदात मध्येच असा संथ तुकडा येतो, तेव्हा हशा दुप्पट होतो.

ऑर्केस्ट्रात तो नक्की काय करायचा? गायचा का?

गाण्याच्या मधली जागा भरायचा. हा प्रश्न तरुण वाचक हमखास विचारतात, कारण ऑर्केस्ट्रा ही गोष्टच त्यांनी पाहिलेली नाही. म्हणून जरा सविस्तर.

सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबईत करमणूक म्हणजे सिनेमा, नाटक आणि ऑर्केस्ट्रा. गणपती, नवरात्र, चाळीतली सत्यनारायणाची पूजा, कंपनीचा वार्षिक दिन, कॉलेजचं सोशल, काहीही असो, ऑर्केस्ट्राला सुपारी जायची. ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ रफी’ अशी बिरुदं लावलेले गायक, अॅकॉर्डियन, बोंगो-कोंगो, चकाकते कोट आणि सूत्रं हलवणारा निवेदक. हा सगळा डोलारा दर तीन-चार गाण्यांनी कुठेतरी अडायचा. गायिका कपडे बदलतेय, वादकाला चहा हवाय, माईक शिट्टी मारतोय, प्रमुख पाहुणे अजून पोहोचलेच नाहीत. अशा वेळी निवेदक विंगेकडे बघून खूण करायचा आणि मिमिक्रीवाला पुढे यायचा.

किती वेळ काढायचा हे त्याला कधीच नक्की माहीत नसायचं. विंगेतून कुणी बोटं दाखवेल तेवढी मिनिटं. पाहुणे आले की विनोदाचा पंच अर्धवट सोडून बाजूला व्हायचं, नाही आले की आणखी दहा मिनिटं ताणायचं. प्रेक्षक गाण्याला आलेले, त्यामुळे ‘गाणं लावा’ अशी आरोळी कधीही येणार. समोर सतरंजीवर पोरं, खुर्च्यांवर म्हातारे, गॅलरीत बायका. एकाच विनोदावर सगळे हसले पाहिजेत आणि आयोजकांना उद्या कुणाच्या तोंडाकडे बघायची लाज वाटू नये.

प्रताप जानी आणि राम कुमार या मिमिक्री कलाकारांना जॉनी आपले मार्गदर्शक मानतो. त्यांचं बघत तो या दुनियेत आला आणि हळूहळू उलटं व्हायला लागलं. लोक गाण्यांच्या मध्ये जॉनीची वाट बघू लागले. कल्याणजी-आनंदजींच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत त्याला जागा मिळाली ती याच जोरावर. संगीतकार म्हणून नाव मिळवलेले हे दोघे बंधू देशात आणि परदेशात मोठे स्टेज शो करायचे, आणि कल्याणजींना विनोदाची आणि होतकरू पोरांची, दोन्हीची पारख होती. १९८२ साली अमिताभ बच्चन आणि कल्याणजी-आनंदजी यांच्या परदेश दौऱ्यात जॉनी होता. अमिताभला बघायला आलेल्या हजारो लोकांसमोर अनोळखी चेहऱ्याने उभं राहून हशा मिळवायचा, हे काम किती अवघड आहे ते ज्याने कधी मोठ्या स्टारच्या आधी माईक हातात घेतलाय त्यालाच विचारा.

एवढी परमनंट नोकरी का सोडली?

कार्यक्रम वाढले, रात्री जागून सकाळी पाळी गाठणं जमेना, आणि १९८१ साली त्याने नोकरी सोडली. आज हे वाक्य सोपं वाटतं. त्या काळच्या मुंबईत मोठ्या कंपनीतली परमनंट नोकरी म्हणजे लग्नाच्या बाजारातलं प्रमाणपत्र होतं. बोनस, कँटीन, पीएफ, आणि बापाच्या जागी पोराला लागण्याची आशा. ती सोडून ‘नकला करतो’ म्हणणाऱ्याला घरात कोण उभं करणार?

पण पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८२मध्ये, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. मुंबईतली कामगाराची पक्की नोकरी ही चीजच त्यानंतर विरत गेली. जॉनी गिरणीत नव्हता आणि त्याला हे आधी दिसलं होतं असं मुळीच नाही. पण ज्या कामगारांनी त्याचं नाव ठेवलं, त्यांचं शहर बदलत असतानाच तो बाहेर पडला, एवढं खरं.

सिनेमाच्या आधी लोक त्याला ओळखायचे कसे?

आवाजावरून. ‘हँसी के हंगामे’ या नावाने त्याच्या विनोदाच्या कॅसेट निघाल्या आणि गावोगाव गेल्या. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली होती, टेपरेकॉर्डर रिक्षापासून सलूनपर्यंत सगळीकडे पोहोचला होता. दाढीला बसलेला माणूस एकटाच खुदकन हसला की न्हावी समजून जायचा, कुठला तुकडा चालू आहे.

कॅसेटची अडचण अशी की जॉनीचं अर्धं काम शरीरात आहे आणि टेपवर शरीर दिसत नाही. मग फक्त आवाजावर चार पात्रं उभी करायची. कोण बोलतंय हे ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ न सांगता कळलं पाहिजे. या माध्यमाने त्याची पात्रांतर करण्याची गती घासूनपुसून लख्ख केली, असं माझं मत आहे. नंतरच्या सिनेमात तो एका श्वासात तीन सूर बदलतो, त्याचं मूळ इथे शोधावं.

सिनेमात कसा आला?

कल्याणजींच्या ओळखीतून. सुनील दत्त यांच्या ‘दर्द का रिश्ता’ (१९८२) या सिनेमात त्याला सुरुवातीचं काम मिळालं, पण त्याने फारसं काही हललं नाही. खरा धक्का बसला तो १९८६च्या ‘होप ८६’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात. अख्खी हिंदी सिनेसृष्टी समोर होती आणि जॉनीला उभं केलं होतं ते पुन्हा मधली वेळ भरायलाच! निर्माते गुल आनंद यांनी त्याला तिथे पाहिलं आणि नसीरुद्दीन शाह नायक असलेल्या ‘जलवा’त (१९८७) घेतलं.

त्यानंतर कामं येत राहिली, तरी घराघरांत पोहोचवलं ते ‘बाजीगर’मधल्या (१९९३) बाबुलालने. विसरभोळा नोकर हे पात्र नाटक-सिनेमात शंभरदा येऊन गेलेलं. जॉनीचा बाबुलाल वेगळा का वाटतो? कारण तो वेंधळेपणा करत नाही, तो काम नीट व्हावं म्हणून जिवाच्या आकांताने धडपडतो. निरोप आठवण्याची त्याची पराकाष्ठा चेहऱ्यावर दिसते, आता आठवणार असं आपल्यालाही वाटतं, आणि बाहेर पडतं ते भलतंच. लिहून आलेल्या ओळींपेक्षा त्याने तिथल्या तिथे घातलेल्या गोष्टी जास्त आहेत. आपल्या रंगभूमीवर याला ‘अॅडिशन घेणं’ म्हणतात, आणि त्याची शिस्त नसलेला नट नाटक बुडवतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जॉनी अॅडिशन घेतो, पण समोरच्याचा क्यू, म्हणजे बोलायला सुरुवात करायची खूण, कधी गिळत नाही. दिग्दर्शक त्याला मोकळं सोडायचे ते त्यामुळे.

पुरस्कार?

विनोदी भूमिकेसाठी दोन फिल्मफेअर, ‘दीवाना मस्ताना’ आणि ‘दुल्हे राजा’ या सिनेमांसाठी. नामांकनं बरीच. सिनेमांची संख्या तीनशेच्या पुढे.

पण मिमिक्री म्हणजे स्टँड-अप नव्हे ना?

हा वाद मुंबईतल्या कॉमेडी क्लबांत नेहमी ऐकू येतो. सूर असा असतो की स्टँड-अप म्हणजे स्वतःच्या आयुष्याबद्दल, स्वतःच्या आवाजात बोलणं. नकला करणारे ते वेगळे.

मला हे पटत नाही. एक माणूस, एक माईक, समोर प्रेक्षक, आणि दर काही सेकंदांनी हशा मिळाला नाही तर मरण. एवढ्या अटी पुऱ्या होत असतील तर बाकी तपशील. महाराष्ट्राला तर एकट्याने रंगमंच भरून टाकणारी माणसं नवी नाहीत. पु. ल. देशपांडे होते, लक्ष्मण देशपांडे होते, आणि त्यांच्याही आधी तमाशातला सोंगाड्या होताच, जो कालच्या बातमीवर आज रात्री बतावणी करायचा. या सगळ्यांनी पात्रं उभी केली आणि त्या पात्रांच्या तोंडून स्वतःला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

जॉनीही तेच करतो. बारकाईने बघा. तो एखाद्या नटाचा आवाज काढतो तेव्हा गंमत आवाजाच्या साम्यात नसते, ती तर कुणीही चांगला नकलाकार देईल. गंमत असते त्या नटाला नको त्या जागी नेऊन ठेवण्यात. पडद्यावर पन्नास गुंड लोळवणारा नायक रेशनच्या रांगेत उभा केला, की मिमिक्री संपते आणि निरीक्षण सुरू होतं. ‘मी लहानपणी गरीब होतो’ असं म्हणायची मग गरज उरत नाही. रांग कशी असते हे त्याला माहीत आहे, एवढं प्रेक्षकाला बरोबर कळतं.

पुढे २००५ साली स्टार वनवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ सुरू झालं आणि राजू श्रीवास्तव, विदर्भातून आलेला सुनील पाल, नवीन प्रभाकर ही मंडळी रातोरात घराघरांत पोहोचली. आधीची कैक वर्षं ही पिढीसुद्धा ऑर्केस्ट्रा आणि स्टेज शोवरच जगत होती. इंग्रजी स्टँड-अपचे क्लब मुंबईत आले ते त्यानंतर.

२०००नंतर तो पडद्यावर कमी का दिसू लागला?

सरळ कारण आहे. नायक स्वतः विनोद करायला लागला. गोविंदाने ती वाट आधीच रुंद केली होती. ‘हेरा फेरी’नंतर (२०००) तर नायकांचं त्रिकूटच हसवू लागलं. मग वेगळा विनोदवीर घेऊन त्याला समांतर कथानक कशाला द्यायचं? जॉनीची जागा होती ती त्या समांतर कथानकात, आणि तीच पटकथेतून गेली. तशात २००६च्या सुमारास त्याने झी टीव्हीवर ‘जॉनी आला रे’ हा स्वतःचा कार्यक्रम केला. ‘गोलमाल ३’मधल्या (२०१०) पप्पीभाईने नव्या पोरांना तो कोण आहे ते पुन्हा दाखवून दिलं.

त्याचे जुने विनोद आज चालतील का?

सगळे नाही. तोतरेपणावर, रंगावर, दाक्षिणात्य उच्चारांवर, बायकी वागणाऱ्या पुरुषांवर मारलेले पंच त्या काळच्या सिनेमात सर्रास होते आणि जॉनीच्या वाट्यालाही भरपूर आले. आज ते बघताना अवघडायला होतं. ‘तेव्हा सगळेच करायचे’ हे उत्तर खरं आहे, पुरेसं नाही. त्यातल्या काही विनोदांचं लक्ष्य त्याचा स्वतःचाच चेहरा आणि स्वतःचाच समाज होता, ही त्यातली गुंतागुंत.

स्टेजवर मात्र त्याचा माल टिकाऊ आहे. शिवीगाळ आणि द्वयर्थी बोलणं त्याने कटाक्षाने दूर ठेवलं. काहींना ते जुनाट वाटेल. गणपतीच्या मांडवात तयार झालेल्या माणसाला दुसरं सुचणारही नाही.

मराठी येतं का त्याला?

उत्तम येतं, मुंबईत वाढलेल्याला येतं तसं. मातृभाषा तेलुगू, धंद्याची भाषा हिंदी, आणि तुळूही बोलतो. मराठी सिनेमात मात्र तो फार उशिरा आला, २०२३च्या ‘अफलातून’मध्ये. चाळीस वर्षं मुंबईत सिनेमे करून शेजारच्या मराठी स्टुडिओत कुणी बोलावलं नाही, हा आपल्या निर्मात्यांचा करंटेपणा.

जेमी लिव्हर त्याचीच मुलगी ना?

हो. लंडनला मार्केटिंग शिकली, तिथे नोकरीही केली, आणि २०१२च्या सुमारास मुंबईत येऊन स्टँड-अप करू लागली. तिची आशा भोसलेंची नक्कल पाहिली नसेल तर आधी ती पाहा. आवाज तर जुळतोच, पण दोन ओळींच्या मधला लाडिक श्वाससुद्धा तिने पकडलाय.

बापाचा आणि लेकीचा फरक असा की जेमी प्रेक्षकांशी थेट गप्पा मारते. ही क्लबमधली शिकवण. जॉनी गप्पा मारत नाही, तो सरळ पात्रात घुसतो. दोघं आणि जेमीचा भाऊ जेसी एकत्र परदेशात लाइव्ह शो करतात. तिथे हे दोन काळ एकाच स्टेजवर शेजारी शेजारी दिसतात.

सुरुवात कुठून करू?

सिनेमापासून करू नका. त्याचे जुने स्टेज शो आणि पुरस्कार सोहळ्यांतले तुकडे इंटरनेटवर पडून आहेत, प्रिंट खराब असली तरी चालेल. पहिल्यांदा नेहमीसारखे बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा आणि नुसत्या अंगावरून कोणता नट, कोणता माणूस ते ओळखता येतं का ते पाहा. मग उलट, स्क्रीन पालथी घालून नुसतं ऐका. एवढं झालं की ‘बाजीगर’, ‘दुल्हे राजा’ आणि ‘लव्ह के लिए कुछ भी करेगा’मधला अस्लमभाई, या क्रमाने या. अस्लमभाई शेवटी ठेवा, त्याच्यानंतर दुसरं काही बघायचा मूड राहत नाही.